बर्थाची गोष्ट आणि टोलचे बिल

२०१३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या सिॲटल शहराखाली एक यंत्र खोदू लागले, आणि ते बोलतही होते. वॉशिंग्टन राज्याच्या वाहतूक खात्याने बोगदा खोदणाऱ्या या टीबीएमच्या नावे ट्विटर खाते चालवले होते. त्यावर यंत्र स्वतःविषयी 'मी' म्हणून लिहीत असे. सरकारी गद्याची ज्यांना सवय आहे त्यांना यातले नावीन्य लगेच जाणवेल. एरवी शासनाचा निवेदक कर्मणी प्रयोगामागे दडलेला असतो : 'निर्णय घेण्यात आला आहे', 'काम प्रगतिपथावर आहे'. निर्णय कोणी घेतला आणि काम कोणासाठी, हे त्या वाक्यरचनेत मावत नाही. इथे मात्र तीन अब्ज डॉलरहून मोठ्या प्रकल्पाला एकदम प्रथमपुरुषी निवेदक मिळाला. फक्त तो निवेदक निर्णय घेणारा नव्हता, तर निर्णय अमलात आणणारे हत्यार होता.

या लेखात सिॲटलचा बोगदा मी एक संहिता म्हणून वाचणार आहे. स्थापत्यशास्त्राचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु रस्ता बांधण्याआधी आणि बांधताना जे लिहिले जाते, म्हणजे अहवाल, मतपत्रिका, कायद्याची कलमे, भाकिते, प्रसिद्धीपत्रके, न्यायालयातले दावे, ते गद्यच असते, आणि त्याची समीक्षा साहित्याच्या वाचकाने करायला हरकत नसावी. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : या बोगद्याच्या संहितेत यंत्राचे कथानक इतके रंगले की 'हा रस्ता कोणासाठी, आणि पैसे भरून त्यातून कोण जाणार?' हा मूळ आशय त्याखाली गाडला गेला. तो पुन्हा वर आला तो टोल सुरू झाल्यावर.

आधी पार्श्वभूमी. सिॲटलच्या बंदराला लागून १९५३ साली एक दुमजली उन्नत रस्ता सुरू झाला, अलास्कन वे व्हायाडक्ट. शहर आणि समुद्राची खाडी यांच्यामध्ये उभी राहिलेली ही काँक्रीटची भिंत कुरूप होती, कर्कश होती, आणि वरून गाडी नेणाऱ्याला शहरातले सर्वांत सुंदर दृश्य फुकट दाखवीत होती. रोज सुमारे १ लाख १० हजार वाहने तिच्यावरून जात. २८ फेब्रुवारी २००१ रोजी ६.८ तीव्रतेचा निस्क्वाली भूकंप झाला आणि रस्त्याच्या खांबांना इजा पोचली. पुढच्या भूकंपात तो कोसळू शकतो याबद्दल फारसे दुमत नव्हते. दुमत होते ते पुढच्या शब्दाबद्दल : 'बदली'. या रस्त्याच्या जागी काय? असा प्रश्न विचारला की काहीतरी त्याच तोलामोलाचे बांधायचे हे गृहीत धरले जाते. काहीच बांधू नये, किंवा रस्त्याऐवजी बस वाढवाव्यात, हे उत्तर त्या प्रश्नाच्या व्याकरणात बसत नाही.

मार्च २००७ मध्ये शहराने सल्लावजा सार्वमत घेतले. मतपत्रिकेवर दोन स्वतंत्र प्रश्न होते : उघडी खोदाई करून बांधायचा बोगदा हवा का? नवा उन्नत रस्ता हवा का? बोगद्याला सुमारे ७० टक्के मतदारांनी नकार दिला आणि उन्नत रस्त्यालाही निम्म्याहून अधिक लोकांनी नकारच दिला. मला हा निकाल या सगळ्या संहितेतला सर्वांत अर्थपूर्ण मजकूर वाटतो. लोकांनी प्रश्नाच्या दोन्ही पर्यायांवर फुली मारली, म्हणजे प्रश्नच परत केला. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष तिसरा मार्ग गांभीर्याने अभ्यासला गेला : खाली साधा रस्ता, जोडीला सार्वजनिक वाहतूक आणि शहरातून जाणाऱ्या इंटरस्टेट ५ या महामार्गात सुधारणा. २००८ च्या डिसेंबरात अभ्यासाअंती उरलेल्या दोन पर्यायांत तो होता. दुसरा होता पुन्हा उन्नत रस्त्याचाच. खोल बोगदा त्यांत नव्हता.

जानेवारी २००९ मध्ये राज्यपाल ख्रिस्तीन ग्रेगॉयर, किंग परगण्याचे प्रमुख रॉन सिम्स आणि महापौर ग्रेग निकल्स यांनी एकत्र घोषणा केली : टीबीएमने खोदायचा खोल बोगदा. कादंबरीत शेवटच्या प्रकरणात नवे पात्र येऊन सगळा तिढा सोडवते तेव्हा आपण लेखकाला माफ करत नाही. इथे मात्र त्या पात्राचे स्वागत झाले. कारण ते सर्वांना हवे ते देत होते. वाहनचालकांना रस्ता चालू राहणार होता, खोदाई जमिनीखाली असल्याने व्यापाऱ्यांची दुकाने बंद पडणार नव्हती, आणि शहराला आपला किनारा परत मिळणार होता. तडजोड म्हणून ती कौशल्याचीच होती, हे मान्य केले पाहिजे.

आता तपशील पाहू, कारण आशय तिथेच आहे. जुन्या रस्त्यावरून सेनेका आणि कोलंबिया या मार्गांच्या उतारांनी थेट शहराच्या मध्यवस्तीत ये-जा करता येत असे. वेस्ट सिॲटलकडून येणाऱ्या बस याच वाटेने कामावर जाणाऱ्यांना घेऊन येत. नव्या बोगद्याला मध्यवस्तीत एकही उतार ठेवला नाही. सुमारे ३ किलोमीटर लांब, दोन मजली, प्रत्येक दिशेला दोन मार्गिका, आणि एकदा शिरलात की शहर ओलांडूनच बाहेर. म्हणजे ज्याला शहरात यायचे आहे त्याच्यासाठी हा रस्ता नव्हता. ज्याला शहर टाळायचे आहे त्याच्यासाठी होता. अधिकृत मजकुरात मात्र शब्द 'बदली' हाच राहिला.

दुसरा तपशील पैशांचा. २००९ च्या राज्य कायद्याने राज्याचा वाटा २.४ अब्ज डॉलरवर थांबवला आणि आणखी ४० कोटी डॉलर टोलमधून उभे करायचे ठरवले. त्याच कायद्यात एक कलम असेही होते की खर्च वाढला तर तो ज्यांच्या मालमत्तेला फायदा होतो अशा सिॲटलच्या मालमत्ताधारकांनी सोसायचा. या कलमाची अंमलबजावणी करता येईल का, यावर बरेच दिवस काथ्याकूट झाला. त्याच वर्षी बोगद्याला विरोध करणारे माइक मॅकगिन महापौर म्हणून निवडून आले. तरीही २०११ च्या ऑगस्टमधल्या सार्वमतात सुमारे ५८ टक्के मतदारांनी प्रकल्प पुढे नेण्याच्या बाजूने कौल दिला. तोवर कंत्राट देऊन झाले होते. थकलेल्या वाचकाने शेवटची पाने भराभर उलटावीत तसा तो कौल मला वाटतो. पण कौल तो कौल, त्याला नाकारता येत नाही.

टोलचे हे ४० कोटी म्हणजे संहितेतली सर्वांत नाजूक जागा होती. टोलला इथे दोन कामे दिली होती. एक, पैसा मिळवणे. दोन, रस्ता वापरात ठेवणे. दर जास्त ठेवावा तर गाड्या वरच्या गल्ल्यांत आणि इंटरस्टेट ५ वर पळणार, कारण ते दोन्ही फुकट. दर कमी ठेवावा तर पैसा उभा राहणार नाही. रस्त्यावर दर आकारून गर्दी आवरण्याचा विचार मुळात वाईट नाही. स्टॉकहोमने २००६ मध्ये आधी प्रयोग करून, मग सार्वमत घेऊन, शहरात शिरण्याचा आकार लावला आणि तो टिकला. पण तिथे आकार सगळ्या शहराच्या वेशीवर होता. सिॲटलमध्ये शेजारचे दोन्ही रस्ते मोकळे ठेवून फक्त नव्या, खर्चिक, जमिनीखालच्या रस्त्यावर दर लावायचा होता. अशा टोलने गर्दी आवरत नाही, ती सरकते. हे प्रकल्पाच्या अहवालांनाही माहीत होते. टोलमुळे किती वाहने वरच्या रस्त्यांवर वळतील याचे हिशेब त्यांतच आहेत. पुढे या एकाच पेचासाठी सल्लागार समिती नेमावी लागली, तिने कमी दराचा सल्ला दिला, आणि टोलमधून अपेक्षित रक्कम ४० वरून २० कोटी डॉलरवर आली.

हा बदल झाला तेव्हा त्याकडे कितीसे लक्ष गेले? फारसे नाही. कारण तोवर शहर एका वेगळ्याच गोष्टीत गुंतले होते.

ती गोष्ट बर्थाची. जपानमधल्या ओसाका इथे हिताची झोसेन कंपनीने बनवलेले हे यंत्र, व्यास १७.५ मीटर, त्या वेळी जगातले सर्वांत मोठे. नावासाठी शाळकरी मुलांची स्पर्धा घेतली. नाव बाईचे असावे आणि राज्याच्या वारशाशी त्याचे नाते असावे, अशी अट होती. (खाणकामगारांची संरक्षक संत बार्बरा हिच्यामुळे खोदयंत्रांना स्त्रीनाम देण्याची रीत युरोपातून आली आहे.) निवड झाली बर्था नाइट लँडेस यांच्या नावाची. १९२६ ते १९२८ या काळात त्या सिॲटलच्या महापौर होत्या; अमेरिकेतल्या मोठ्या शहराचे नेतृत्व करणारी पहिली स्त्री. त्याआधी प्रभारी महापौर असताना त्यांनी पोलीसप्रमुखालाच घरी पाठवले होते. पालिकेचा कारभार म्हणजे मोठ्या घराची झाडलोट, असे मानून राजकारण करणाऱ्या बाईचे नाव, खर्चाचा शेवट कोणाच्या माथी हे न ठरलेल्या यंत्राला द्यावे, हा योगायोगच म्हणायचा.

नाव दिले की यंत्राचे पात्र होते, आणि पात्र झाले की त्याच्यावर टीका करणे जरा अवघड होते. आपल्याकडेही हे घडले आहे. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याचा बोगदा खोदणाऱ्या १२.१९ मीटर व्यासाच्या यंत्राचे नाव 'मावळा' ठेवले गेले. मावळा म्हटल्यावर तो कुठे निघाला आहे आणि कोणासाठी, हे विचारायला जीभ उचलत नाही. मावळ्याची फक्त फत्ते व्हायची असते.

बर्थाची फत्ते लांबली. ३० जुलै २०१३ रोजी निघालेले यंत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १ हजार फूट अंतर कापून थांबले. पुढे ८ हजार फुटांहून अधिक बाकी होते. यंत्र तापत होते, मुख्य बेअरिंगची आवरणे निकामी झाली होती. थांबण्याच्या थोडे आधी ते एका पोलादी पाइपावर आदळले होते. ८ इंच व्यासाचा, ११९ फूट लांबीचा हा पाइप भूजलाच्या चाचणीसाठी २००२ मध्ये जमिनीत उतरवलेला होता, भूकंपानंतर जुन्या रस्त्याचे काय करावे याचा अभ्यास चालू असताना. नियोजनाचाच एक राहून गेलेला तुकडा बांधकामाच्या आडवा आला.

पुढची दोन वर्षे म्हणजे सुटकेची कथा. यंत्रापुढे १२० फूट खोल विहीर खणली, तिथपर्यंत ते कसेबसे पुढे सरकले, मार्च २०१५ मध्ये सुमारे २ हजार टनांचे त्याचे तोंड क्रेनने वर उचलले, दुरुस्त केले, परत बसवले. डिसेंबर २०१५ मध्ये खोदाई पुन्हा सुरू झाली. जानेवारीत जमीन खचून खड्डा पडला आणि राज्यपाल जे इन्स्ली यांनी काम थांबवले. ते पुन्हा सुरू झाले, आणि ४ एप्रिल २०१७ रोजी यंत्र पलीकडच्या टोकाला भिंत फोडून बाहेर आले. नायिका संकटात, नायिका पाताळात, नायिका उजेडात. वर्तमानपत्रांना यापेक्षा चांगले कथानक मिळणे कठीण. मीदेखील त्या बातम्या एखाद्या क्रमशः कादंबरीसारख्या वाचल्या आहेत. पण या कथेचा परिणाम असा झाला की प्रकल्पाचे यशापयश एका प्रश्नावर येऊन ठेपले : ती बाहेर येते की नाही? बाहेर आली, म्हणजे बोगदा यशस्वी.

मग पाइपाचा खटला झाला. साहित्याच्या अभ्यासकाला त्यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. वाद पाइपाच्या अस्तित्वाबद्दल नव्हता, वाचनाबद्दल होता. राज्याचे म्हणणे, कंत्राटाच्या कागदपत्रांत त्या विहिरीची नोंद होती. कंत्राटदारांचे म्हणणे, जमिनीखाली असे काही निघेल हे आम्हांला कागदांवरून कळायला हवे होते तसे कळले नाही. नोंद असणे आणि ती सांगितलेली असणे या दोहोंत फरक आहे का? डिसेंबर २०१९ मध्ये ज्युरीने राज्याच्या बाजूने कौल दिला आणि विलंबाबद्दल ५ कोटी ७२ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. कागदात होते, वाचायला हवे होते, असा त्याचा साधा अर्थ. आता हाच नियम टोलच्या हिशेबांना लावून पाहावा. टोलमुळे वाहने वर वळतील, हेही कागदातच होते.

यंत्राचे कथानक काढून घेतले तर काय उरते, हे पाहायचे असेल तर सिडनीकडे वळावे लागते. तिथला क्रॉस सिटी टनेल हा २.१ किलोमीटरचा बोगदा शहराच्या मध्यवस्तीखालून जातो. वाळूच्या दगडातून तो सुरळीत खोदला गेला. ना अडकलेले यंत्र, ना सुटकेची विहीर. २८ ऑगस्ट २००५ रोजी तो मुदतीआधी खुला झाला. बांधकामाच्या निकषावर हे आदर्श काम होते. भाकीत होते रोज सुमारे ९० हजार वाहनांचे. आली ती ३० हजारांच्या आसपास. ३ डॉलर ५६ सेंट हा सुरुवातीचा टोल लोकांना इतका जाचला की काही आठवडे बोगदा फुकट ठेवावा लागला. टोल परत लागला आणि गाड्या परत ओसरल्या. डिसेंबर २००६ मध्ये, म्हणजे सव्वा वर्षात, बोगद्याची कंपनी धनकोंच्या ताब्यात गेली. पुढच्या मालकांच्या हाती तो पुन्हा २०१३ मध्ये त्याच वाटेने गेला.

सिडनीकरांचा राग मात्र टोलपेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर होता. बोगदा भरावा म्हणून वरचे काही रस्ते अरुंद केले, काही बंद केले. सरकारला या प्रकल्पासाठी खर्च करायचा नव्हता; उलट खासगी कंपनीने सुमारे १० कोटी डॉलर आगाऊ सरकारला दिले होते. ते पैसे अखेर वाहनचालकांकडूनच येणार होते. म्हणजे भाकीत खरे व्हावे यासाठी शहरच थोडे बदलून घेतले. कादंबरी वास्तवाशी जुळेना म्हणून वास्तवालाच कात्री लावावी तसे हे झाले. संसदेच्या समितीने २००६ मध्ये चौकशी केली आणि काही रस्ते परत मोकळे झाले.

सिडनी हा अपवाद नाही. रॉबर्ट बेन यांनी जगभरातल्या शंभरहून अधिक टोलरस्त्यांची भाकिते आणि प्रत्यक्ष वाहतूक ताडून पाहिली, तेव्हा वाहतूक सरासरीने भाकितापेक्षा सुमारे चतुर्थांशाने कमी निघाली. भाकीत चुकणे समजण्यासारखे आहे. पण चुका सारख्याच बाजूला झुकत असतील तर त्यांना चूक म्हणायचे की शैली?

महाराष्ट्रातल्या वाचकाला टोलचा वाद नवा नाही. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरचा हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला, त्याआधी कित्येक वर्षे आपण त्यावर भांडत होतो. पण आपले भांडण मुख्यतः हिशेबाचे असते : किती गाड्या गेल्या, किती वसूल झाले, खर्च निघाला असेल तर अजून का घेता. तो रास्त प्रश्न आहे. टोल चुकवून गाड्या कुठल्या गल्लीत शिरल्या आणि त्या गल्लीत कोण राहते, हा प्रश्न आपल्या वादात क्वचितच येतो. सिॲटलच्या वादात तो होता. कमी दराचा सल्ला देणाऱ्या समितीसमोर तोच प्रश्न होता, हे तिथल्या नियोजकांच्या श्रेयात धरायला हवे.

तर सिॲटलकडे परत. ११ जानेवारी २०१९ रोजी जुना रस्ता कायमचा बंद झाला आणि ४ फेब्रुवारीला बोगदा खुला झाला. मधले तीन आठवडे शहराकडे दोन्हींपैकी काहीच नव्हते. रोजची सुमारे ९० हजार वाहने कुठे जाणार? वर्तमानपत्रांनी प्रलयाची भाषा वापरली. कोंडी झाली, पण प्रलय आला नाही. लोकांनी वेळा बदलल्या, बसने गेले, सायकली काढल्या, बोटीने खाडी ओलांडली, काही जण घरूनच काम करीत राहिले. तीन आठवड्यांच्या सहनशीलतेवरून कायमचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मला मान्य आहे. पण २००८ साली बाजूला ठेवलेल्या त्या तिसऱ्या पर्यायाची ही नकळत झालेली तालीम होती, आणि ती फसली नाही. या तीन आठवड्यांचा अभ्यास बर्थाच्या दोन वर्षांइतका कोणी रस घेऊन केल्याचे मला दिसले नाही.

९ नोव्हेंबर २०१९ रोजी टोल सुरू झाला. तेव्हा दर वेळेप्रमाणे १ डॉलर ते सव्वादोन डॉलर होता. खाते नसेल तर गाडीच्या नंबरावरून घरी बिल येते आणि त्यात २ डॉलर जास्त. नाका नाही, थांबणे नाही, खिडकीतून हात बाहेर काढणे नाही. पहिल्याच दिवसांत बोगद्यातली वाहने घटली, जरी खात्याने आधी वर्तवलेल्या भीतीपेक्षा कमी. पुढे महासाथ आली आणि सगळेच हिशेब विसकटले. प्रत्येक चालक आता रोज सकाळी एक छोटे मतदान करतो : या वाटेचे इतके पैसे मला परवडतात का? २००७ च्या मतपत्रिकेवर हा प्रश्न नव्हता.

आणि किनारा? तो मिळाला. जुना रस्ता पाडला गेला, २०२४ मध्ये बाजारपेठेतून पाण्यापर्यंत उतरणारा प्रशस्त जिना खुला झाला, झाडे लागली, खाडी दिसू लागली. ही लहान गोष्ट नाही. अर्धशतकाहून अधिक काळ शहर पाण्याकडे पाठ करून उभे होते. बोगद्याचे समर्थक हे चित्र दाखवतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. फक्त त्या चित्राच्या दक्षिणेला थोडे सरकावे. फेरीच्या धक्क्याजवळ, बोटीसाठी थांबणाऱ्या गाड्यांच्या रांगा, बसच्या मार्गिका आणि शहरात उतरणारी वाहतूक या सगळ्यांसाठी नवा अलास्कन वे आठ-नऊ मार्गिकांपर्यंत रुंद होतो. मध्यवस्तीत जायचे असलेल्यांची वाट तीच आहे, आणि टोल न भरणाऱ्यांचीही. पाणी पाहायला निघालेल्या माणसाला तिथे सिग्नल मिळेपर्यंत उभे राहावे लागते.